उभ्या गाडीतला उजेड

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून खेळण्यातल्या जेवढ्या आगगाड्या धावल्या, त्या सगळ्यांच्या डब्यांतले दिवे मी पेटवलेले आहेत. किती म्हणाल, तर हजारो. बरं, शेकडो. हे लिहिताना बायको शेजारी मेथी निवडत बसली आहे आणि तिनं आत्ता मान वर करून माझ्याकडे बघितलं, तेव्हा खरा आकडा सांगून टाकतो. अकरा. पण अकराच्या अकरा गाड्यांत उजेड असा पाडला, की लोणावळ्याची माणसं घाटाच्या टोकावर येऊन विचारायची, कर्जतला आज चंद्र खालनं उगवला काय?

माझं दुकान कर्जतच्या बाजारात होतं. रुंदी एवढी, की मी आत गेलो की गिऱ्हाइकानं बाहेर थांबायचं आणि गिऱ्हाईक जाडं असलं तर मी बाहेर यायचं. रेडिओ, इस्त्री, पंखे, पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग, पुढं टेपरेकॉर्डर. सोल्डरिंगचा धूर इतका निघायचा, की वर माथेरानला माकडांना शिंका यायच्या. पण माझं नाव झालं ते या सगळ्यांमुळे नाही. नाव झालं आगगाड्यांमुळे.

त्याचं असं आहे, कर्जत हे रेल्वेचं गाव. आणि रेल्वेतला माणूस रिटायर झाला की त्याचं काय होतं, ते मला विचारा. पहिला महिना तो झोपतो. दुसरा महिना बायकोशी भांडतो. तिसऱ्या महिन्यात पत्रा कापायची कात्री आणतो, तुपाचे, बिस्किटांचे रिकामे डबे गोळा करतो आणि आगगाडी करायला बसतो. गाडी एकदाची धावते. मग त्याला वाटतं, आत दिवे पाहिजेत. दिवे लावतो. ते मिणमिणतात. मग तो माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो आणि म्हणतो, "सदूशेठ, बल्ब जरा मोठा द्या."

इथंच सगळे फसतात. मोठा बल्ब म्हणजे मोठं पोट. घरात भाकरी एकच आणि खाणारा पैलवान आणून बसवला, तर तो आणखी उपाशी राहील, दुसरं काय होणार? खेळण्यातल्या गाडीला रूळ हीच वायर असते. एका रुळातून करंट येतो, चाकातून डब्यात चढतो, बल्बातून फिरतो आणि पलीकडच्या चाकातून दुसऱ्या रुळात उतरतो. म्हणजे त्या टिचभर बल्बाचा सगळा जीव चाक आणि रूळ यांच्यामधल्या मोहरीएवढ्या जागेवर टेकलेला. तिथं धूळ बसली, गंज चढला, वंगण लागलं की वर दिवा आजारी. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगायचो, बल्बाकडे बघू नको बाबा, चाकाकडे बघ. उजेड वर असतो, पण दुखणं खाली.

कडावच्या एका गणपती मंडळानं देखाव्यात आगगाडी केली होती. मखराच्या मागून निघायची, उंदराला वळसा घालून परत आत. मंडळाचा अध्यक्ष सायकल दामटत आला.

"शेठ, तीन डबं व्हतं तवा उजेड झकास व्हता. म्हनलं गनपतीला तीन डबं शोभत नाय, धा करू. तं धा केल्यावर उजेड पळाला."

"कुठं पळाला?"

"तेच इचारायला आलोय. तुमी काय पोलिसात पाठवताय का काय?"

जाऊन बघतो तो पोरांनी माळेतल्यासारखे दहा बल्ब एकापाठोपाठ एक ओवलेले. एकच भाकरी दहा जणांत तोडलेली. मी माळ तोडली आणि प्रत्येक डब्याला रुळावरून त्याचं त्याचं वेगळं ताट वाढून दिलं. बटण दाबल्याबरोबर असा लख्ख उजेड झाला की प्रत्यक्ष गणपतीनं डोळे मिटले. कडावची माणसं आजही हे नाकबूल करतात. पण त्यांनी तेव्हा गणपतीकडे बघितलंच नव्हतं, सगळे गाडीकडे बघत होते.

मोहोपाड्याला मात्र माझं नाक कापलं गेलं. तिथल्या कारखान्याच्या कॉलनीत एक साहेब होते. त्यांच्याकडे परदेशातून आणलेली गाडी. डबे कसे, तर वेलदोड्याच्या सालीसारखे हलके. साहेब म्हणाले, उजेड थोडा वाढवा. माझ्या अंगात तेव्हा कडावचं वारं होतं. मी करंट दुप्पट केला. उजेड वाढला. दोन मिनिटांनी छतं खाली यायला लागली. प्लास्टिकचीच ती, गॅसवरच्या पापडासारखी मुरडली. साहेब काही बोलले नाहीत. साहेबांच्या बाईसाहेब बोलल्या, आणि जे बोलल्या ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. त्या दिवशी एक शिकलो. उजेड वाढवायला करंटच वाढवावा लागतो असं नाही. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद डब्याच्या छताला आतून चिकटवला, तर तोच बल्ब दुप्पट दिसतो. आधी आहे तो उजेड वाया जातोय का, ते बघायचं. हे शहाणपण मी साहेबांच्या सात छतांवर शिकलो. त्यांच्या दारावरून नंतर कधी गेलो नाही.

आता तात्यांचं सांगतो. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो. वरचं सगळं म्हणजे जेवणाआधी पानात वाढलेली चटणी.

तात्या बँकरवर ड्रायव्हर होते. बँकर म्हणजे मागचं इंजिन. कर्जतहून पुढं बोरघाट असा उभा चढतो, की गाडीचं पुढचं इंजिन एकट्यानं तिला वर नेऊ शकत नाही. म्हणून कर्जतला गाडी थांबली की तिच्या शेपटाला आणखी इंजिन लावतात. ते गाडीला मागून ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतं, तिथं सुटतं आणि मोकळं खाली येतं. तात्यांनी उभी हयात हे केलं. लोकांना घाटावर पोचवायचं आणि आपण परत खाली यायचं. रिटायर झाल्यावर कडावच्या अलीकडे आपल्या गावी भातशेती बघायला गेले. आणि तिसऱ्या महिन्यात अर्थातच पत्र्याची कात्री.

दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. दोन बिड्या संपल्या.

"दिवं लागत्यात रं सद्या," मग म्हणाले, "पन दिसत काय नाय."

"काय दिसायला पाहिजे, तात्या?"

"मानसं."

त्यांच्या घरी गेलो. ओटीवरून आत गेलं की मोठी खोली, मधोमध भाताची कणगी. पुरुषभर उंच, शेणानं सारवलेली. त्या कणगीभोवती रूळ. कणगी हाच डोंगर. तिच्यामागून गाडी निघायची, दाराजवळच्या स्टेशनात यायची आणि वळून पुन्हा डोंगराआड जायची. सात डबे, वीतभर उंचीचे, तुपाच्या डब्यांचा पत्रा. प्रत्येक डब्यात माणसं. पांगाऱ्याच्या लाकडाची, बोटाच्या पेरापेक्षा लहान, रंगवलेली. टोपीवाला, पाटीवाली, झोपलेला, तपकीर ओढणारा. नखाएवढ्या खिडकीतून डोळे बारीक करून बघितलं तर कोणाचा तरी खांदा दिसायचा. बाकी काळोख.

गाडीला पुढं इंजिन, मागं बँकर. मी पुढचं इंजिन उचललं. ते हलकं.

"तात्या, याच्यात मोटारच नाही."

"नाय. त्यो निसता खोका हाय."

"मग मागच्यात?"

"मागच्यात मोटार. आन् मी."

बँकरच्या खिडकीत खरंच एक टोपीवाला ड्रायव्हर बसवलेला होता. मी हसलो. तात्या हसले नाहीत.

मी कामाला लागलो. चाकं स्पिरिटनं पुसली, रूळ पॉलिश पेपरनं घासले, रुळांच्या सांध्यांना वायरचे टाके मारले, टॉर्चचे खादाड बल्ब काढून रेडिओच्या काट्यामागचे चिमणे बल्ब बसवले, छतांना चंदेरी कागद. दिवे लागले. मी मिशीवर ताव देत घरी आलो. आठ दिवसांनी तात्या पायरीवर.

"ग्येला."

पुन्हा पुसलं, घासलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. चाकांवर तांबडा-पिवळा थर. मी म्हटलं गंज. ते म्हणाले, "हिवाळ्यात गंज?" मी म्हटलं उंदीर. ते म्हणाले, "उंदीर काय चाकाला पॉलिश करतात?" तिसऱ्या वेळेला म्हणाले, "सद्या, तुझा उजेड पावन्यासारखा हाय बघ. आठ दिस ऱ्हातो, मंग गावाला जातो." भर बाजारात म्हणाले. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून हसला.

चौथ्या खेपेला मी गेलो तेव्हा काकू, म्हणजे तात्यांची बायको, कडावला बाजाराला गेल्या होत्या. मी खाली बसून चाकं पुसत होतो आणि वैतागून म्हटलं, "तात्या, गाडी धावते ना? मग दिव्याचं एवढं काय लावून घेतलंय?"

तात्यांनी सहावा डबा उचलला. छत काढलं. खिडकीपाशी एक पोरगा बसलेला. निळ्या चौकड्यांचा शर्ट, मांडीवर पिशवी.

"ह्यो मधू," ते म्हणाले.

त्यांना एक मुलगा होता आणि तो घर सोडून गेला, एवढं मला ऐकून माहीत होतं. बाकीचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. त्यांनी रेल्वेच्या साहेबांच्या हातापाया पडून पोराला इंजिनांच्या शेडमध्ये चिकटवायची व्यवस्था केली होती. पोरगा म्हणाला, मला नाही यायचं इंजिनात. तात्यांनी सगळ्या आळीसमोर त्याच्या थोबाडीत मारली. तिसऱ्या दिवशी श्रावणातली संध्याकाळ, काळोखी आलेली, तात्यांची ड्युटी. पुण्याकडची गाडी कर्जतला उभी, बँकर लागायचा होता. तात्या फलाटावरून डबे ओलांडत मागं आपल्या इंजिनाकडे चालत गेले. त्या काळी गाडी उभी राहिली की डब्यातले दिवे देवघरातल्या समईएवढे व्हायचे. तात्या बँकरवर चढले आणि गाडी ढकलली. दुसऱ्या दिवशी रुळांचे सांधे बदलणारा एक पॉइंटमन म्हणाला, तुमचा मधू काल घाटावर चालला होता वाटतं, सहाव्या डब्यात खिडकीला होता. त्यानंतर त्या पोराचं ना पत्र, ना निरोप.

"हातभर लांबून ग्येलो रं मी. डब्यात उजेड असता तं दिसला असता. कानाला धरून खाली वढला असता, न्हायतं पाया पडलो असतो. काय बी केलं असतं. त्ये ऱ्हायलं, आन् मागं जाऊन माझ्याच पोराला ढकलला मी घाटावर."

"काकूंना माहीत आहे?"

"पोरगा ग्येला म्हायती हाय. म्या ढकलला त्ये नाय. तोंडानं सांगाया ग्येलो धा बारा येळा. व्हत नाय. म्हनून ह्ये क्येलं." त्यांनी गाडीकडे हात केला. "गाडी ठेसनात उभी ऱ्हाईल. डब्यात उजेड आसंल. तिला पोर दिसंल, मागं मी दिसन. मंग ती बोलायची त्ये बोलंल."

आता माझी पंचाईत बघा. रुळावरच्या गाडीत चाल आणि उजेड एकाच करंटावर. बटण फिरवून गाडी हळू केली की दिवा मंद. गाडी थांबली की काळोख. आणि या माणसाला दिवा हवा होता तो नेमका उभ्या गाडीत. मी म्हटलं, डब्यात सेल बसवू. ते म्हणाले, "पाशिंजरांना उठवून? उद्या म्हनशील टपावर बसवा." खरंच जागा नव्हती. त्यांनी एकही सीट रिकामी ठेवली नव्हती.

आणि त्यावर तो तांबडा थर. त्याचा छडा लागला एका शुक्रवारी. मी न सांगता सकाळीच गेलो. तात्या बांधावर गेले होते. दार उघडं होतं. आत काकू जमिनीवर बसलेल्या, मांडीशी हळदीकुंकवाची कोयरी आणि तेलाची वाटी. एकेक डबा आडवा करायच्या, एकेका चाकाला तेलाचं बोट, मग हळद, मग कुंकू. सात डबे, छप्पन्न चाकं. प्रत्येक चाकाला बोट लावून ते कपाळाला टेकवत होत्या.

मी दारातच थांबलो. माझ्या इतक्या खेपांच्या स्पिरिटवर ही बाई दर शुक्रवारी हळद फिरवत होती!

"काकू, हे काय?"

त्या दचकल्या नाहीत. "आलास व्हय. बस. दसऱ्याला इंजिनाला पूजतात का नाय शेडात?"

"पूजतात."

"इंजिनाला हार, इंजिनाला नारळ, चाकाखाली लिंबू. आन् डब्याला कोन इचारतं रं? मानसं तं डब्यात बसतात."

त्यांनी हातातल्या डब्याच्या शेवटच्या चाकाला कुंकू लावलं.

"माझा मधू डब्यातच बसून ग्येला," त्या म्हणाल्या. पुढचा डबा घेतला. "आन् मागनं ढकलली ती यांनीच. पॉइंटमनाच्या बायकोनं तवाच सांगलं मला, पान्यावर. यांना बोलू नगंस मला ठावं हाय म्हनून. त्ये आदीच वाळत चाललंत."

सांगायला तोंड उघडलं होतं, की काकू, या तेलाच्या बोटानंच आतला उजेड मरतोय. एवढंच वाक्य. ते बोललो असतो तर काम पाच मिनिटांत संपलं असतं. काकूंनी कोयरी उचलून ठेवली असती आणि पुन्हा कधी काढली नसती. मी धंद्यात खूप थापा मारल्या, पण खरं बोलायचं टाळलं ते एवढ्याच वेळेला. त्यांनी आत डोकावून बघितलंच नव्हतं. नजर कायम चाकांवर. सहाव्या डब्याच्या चाकांनाही त्या तेवढंच कुंकू लावत होत्या, जेवढं पहिल्याच्या.

त्यानंतर महिनाभर मी असा विचार केला की माझे केस गेले. बायको म्हणते, आधीच गेले होते. असो. एके दिवशी कर्जत स्टेशनच्या पुलावर उभा होतो. खाली बँकर उभा, वर तार. आणि डोक्यात, जे काही उरलं होतं त्यात, उजेड पडला. घाटातली गाडी करंट कुठून घेते? वरून! मग आपण कशाला रुळाच्या पाया पडतोय? चाकं काकूंना देऊन टाकायची आणि दिव्यांचा करंट आभाळातून आणायचा.

पण एक मेख होती. खऱ्या गाडीचा करंट वरच्या तारेतून येतो आणि रुळातून परत जातो. इथं परतीच्या वाटेवर पुन्हा हळदकुंकू. म्हणून मी एक नाही, दोन तारा घ्यायच्या ठरवल्या. एकीतून यायचं, दुसरीतून जायचं. रुळाशी संबंधच नाही. रुळातल्या करंटवर फक्त बँकर चालेल. त्याच्या पोटात शिशाचा गोळा होता. तो रुळावरचं तेलकुंकू चिरडून आपली मोटार चालवत होताच, अडखळत का होईना. हलके डबे मात्र त्या थरावर तरंगायचे. आणि दिव्यांना ट्रान्सफॉर्मर वेगळा. म्हणजे गाडी पळो, रांगो, नाहीतर उभी राहो, दिवा तसाच.

सायकलीच्या तारा वाकवून खांब केले. तांब्याच्या दोन बारीक तारा कणगीभोवती ताणल्या. वरच्या तारेला टेकणारे हात हवे होते, लवचीक आणि हलके.

"काकू, केसातले आकडे द्या थोडे."

"तुला कशाला रं, टकल्या?"

"रेल्वेला पाहिजेत."

"रेल्वेला केस कवा आलं?" म्हणाल्या, पण अंबाड्यातून उपसून चौदा आकडे दिले. सात डबे, डब्याला दोन.

तात्या मात्र दोन तारा बघून भडकले. "घाटात कुठं दोन तारा हायत? माझ्या गाडीची जत्रा करतोस का?"

मी थाप मारली. आयुष्यातली सगळ्यात चांगली थाप. म्हटलं, घाटात खडी असते, इथं शेणानं सारवलेली जमीन. शेण करंट पितं. एका तारेवर दिवे लावले तर तुमचं भात कणगीत शिजेल. तीस वर्षं विजेच्या इंजिनावर काढलेला माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. लाव दोन." इतक्या लवकर तात्या कधी हरले नव्हते. तेव्हा वाटलं, मी जिंकलो. आता वाटतं, हळदीचा वास काय फक्त मलाच येत होता?

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकतो, कारण वाचणारा तेच विचारणार. मधू परत आला का? माझी जीभ वळवळते आहे. मी त्याला या पानावर सहज आणू शकतो. दारात उभा करतो, पिशवी खांद्याला, केस पिकलेले. तुम्हाला खरं वाटेल असा आणतो, त्यात माझा हात धरणारा दोन तालुक्यांत नाही. पण नाही आला. तात्या गेले, काकू गेल्या, कणगी मोडली. गाडी कोणी नेली ते मला कळलं नाही. माझं दुकानही आता नाही. त्याचं फार वाटत नाही. पण कधी कधी दुपारचा पडलेला असतो आणि मला ती खोली हवी असते. भाताचा, शेणाचा, हळदीचा आणि गरम वार्निशचा, असा एकत्र वास असलेली. जगात तो वास पुन्हा कुठं यायचा नाही. चार महिने मी त्या खोलीत चुकत होतो, आणि मला वाटतं, तेवढं चांगलं काम मी पुढं कधी केलं नाही.

होळीच्या आधीचा शुक्रवार. मीच शुक्रवार निवडला. काकूंची पूजा सकाळी होऊ दिली, छप्पन्नच्या छप्पन्न चाकं तेलकट. भर दुपारी दारंखिडक्यांवर गोधड्या टांगल्या. खोलीत मिट्ट काळोख. तात्या चौरंगावर, हातात गाडीचं बटण. काकू स्टेशनाजवळ. मी कोपऱ्यात दिव्यांच्या ट्रान्सफॉर्मरपाशी. स्विच टाकला.

कणगीमागून उजेड निघाला. नुसता उजेड, गाडी नंतर. भिंतीवर खिडक्यांच्या चौकोनांची रांग सरकत आली, आढ्यावर चढली, उतरली. खिडकीखिडकीत माणसं. मी एवढा तोंडाळ माणूस, मला आजही त्यावर एक तिखटमीठ लावता येत नाही. होतं तसंच होतं.

तीन फेऱ्या झाल्या. चौथीला तात्यांनी बटण हळूहळू मागं घेतलं. गाडी रांगायला लागली. दिवे तसेच. गाडी स्टेशनात येऊन उभी राहिली. दिवे तसेच.

काकू वाकल्या. पहिल्या डब्यापासून बघायला लागल्या.

"अगं बया, ही पाटीवाली तं आपली येसू! आन् ह्यो झोपलाय, त्यो तुमचा असिस्टंट का वो? तवा बी झोपायचा, आता बी झोपलाय." हसत दुसरा, तिसरा, चौथा डबा झाला. पाचव्यात तपकीरवाला. "याला शिंक येनार आता."

सहाव्यापाशी थांबल्या.

हसणं थांबलं. त्या आणखी वाकल्या, कपाळ जवळजवळ तारेला लागलं. मग एकदम साध्या आवाजात म्हणाल्या, "कालर उलटी करून शिवली व्हती म्या. आतली बाजू भाईर. ती बी काडली व्हय तुमी?"

तात्यांनी मान हलवली. अंधारात ते काकूंना दिसलं नसेल.

काकूंची नजर पुढं सरकली. सातवा डबा. त्यामागं बँकर. बँकरच्या खिडकीत टोपीवाला. त्यालाही मी एक दिवा दिला होता, तो मागितला नव्हता तात्यांनी. काकू त्या टोपीवाल्याकडे बघत राहिल्या. बाहेर कोणाची तरी म्हैस ओरडली. तात्या बटण केसभर पुढं घेत होते, पुन्हा मागं आणत होते, आणि गाडी जागच्या जागी बारीक झटके खात होती.

"सोडू का?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"नगं," काकू म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या हुबी. आज लेट करा." मग बँकरच्या छतावर त्यांनी बोट टेकवलं, अगदी हळू. "आन् तुमी बी उतरा आता ह्याच्यातनं. लई वर्सं ढकलताय."

तात्यांनी बटण सोडलं.

माझ्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर तापायला लागला होता, वार्निशचा वास सुटला होता. इतका वेळ चालू ठेवायचा नसतो. गुंडाळी जळते, ती मीच गुंडाळली होती, मला तिची ताकद ठाऊक होती. धंद्याच्या नियमानं मी उठून स्विच बंद करायला हवा होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिलो.